न रचलेले संवाद : रसेल फ्रीडमन आणि कुमारांचा इतिहास

सॅन फ्रान्सिस्कोमधील फ्रीडमन कुटुंबात रात्रीच्या जेवणाला गोष्टींचे तोंडीलावणे कधी कमी पडत नसे. घरातील कर्ता पुरुष एका मोठ्या प्रकाशनसंस्थेचा विक्री-प्रतिनिधी होता. पुस्तके हा त्याचा व्यवसाय आणि गोष्टी सांगणे हा त्याचा स्वभाव. लेखकमंडळी या घरी जेवायला येत, गप्पा रंगत. अडचण एकच होती : यजमान ज्या गोष्टी सांगत त्यांतल्या खऱ्या कोणत्या आणि रचलेल्या कोणत्या, हे घरातल्या माणसांनाही नक्की कळत नसे. पुढे १९८८ साली, अमेरिकी बालसाहित्यातील सर्वोच्च मानला जाणारा सन्मान स्वीकारताना, या घरातल्या मुलाने वडिलांची ही आठवण सांगितली. ती विनोदाच्या अंगाने सांगितलेली आहे. तरीही रसेल फ्रीडमन यांची पुस्तके एकापाठोपाठ एक वाचत गेले की असे वाटू लागते, की त्यांच्या साऱ्या लेखनाचे बीज या एका आठवणीत आहे. वडिलांकडून त्यांनी गोष्ट सांगण्याची ओढ घेतली. आणि ‘हे खरेच असे घडले का?’ हा प्रश्न मात्र त्यांनी वडिलांप्रमाणे हसण्यावारी नेला नाही.

फ्रीडमन यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९२९ चा. १६ मार्च २०१८ रोजी न्यूयॉर्क येथे, वयाच्या ८८ व्या वर्षी, ते निवर्तले. या दीर्घ आयुष्यात त्यांनी पन्नासहून अधिक पुस्तके लिहिली, आणि ती जवळजवळ सर्वच मुलांसाठी लिहिली. बर्कले येथे विद्यापीठीय शिक्षण झाल्यावर ते कोरियातील युद्धकाळात सैन्याच्या प्रतिगुप्तचर विभागात होते. परत आल्यावर ‘असोसिएटेड प्रेस’ या वृत्तसंस्थेत त्यांनी वार्ताहर म्हणून काही वर्षे काम केले आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये एका जाहिरातसंस्थेत दूरचित्रवाणीसाठी प्रसिद्धिलेखन केले. बातमीदाराला ऐकीव आणि पाहिलेले यांतला फरक रोज सांभाळावा लागतो. जाहिरात लिहिणाऱ्याला तो फरक पुसट कसा करायचा हे ठाऊक असते. दोन्ही शाळांतून गेलेल्या या लेखकाने आपली निष्ठा कोठे ठेवली, हे त्यांच्या पुढील लेखनावरून स्पष्ट होते.

त्यांचे पहिले पुस्तक एका बातमीतून निघाले. सोळा वर्षांच्या एका अंध मुलाने ब्रेल लिपीसाठी टंकलेखनयंत्र तयार केले, अशी ती बातमी होती. ती वाचताना त्यांच्या ध्यानात आले, की ज्या लुई ब्रेलने ही लिपी सिद्ध केली तोही त्या वेळी पंधरा-सोळा वर्षांचाच होता. या योगायोगातून इतिहास घडविणाऱ्या कुमारवयीन व्यक्तींची चरित्रे सांगणारे ‘टीनेजर्स हू मेड हिस्टरी’ हे पुस्तक १९६१ साली आले. त्यानंतरची बरीच वर्षे फ्रीडमन प्राण्यांच्या जीवनावर लिहीत राहिले. इतिहासाकडे ते खऱ्या अर्थाने वळले ते छायाचित्रांमुळे. जुन्या न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर वाढलेल्या मुलांच्या छायाचित्रांचे एक प्रदर्शन त्यांनी पाहिले. ते चेहरे त्यांच्या मनातून जाईनात. १९८० सालचे ‘इमिग्रंट किड्स’ हे पुस्तक त्या अस्वस्थतेचे फळ होय. जेकब रीस आणि लुइस हाइन यांनी टिपलेली स्थलांतरितांची मुले या पुस्तकात दाटीच्या खोल्यांतून, कारखान्यांतून, गल्लीबोळांतून वाचकाकडे सरळ पाहतात. आणि लेखक त्यांच्या बाजूला उभा राहून थोडक्या शब्दांत सांगतो, की ही मुले कोठून आली होती, काय काम करीत होती, काय खेळत होती.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. मुलांसाठी इतिहास लिहिणाऱ्या लेखकासमोर वर्षानुवर्षे एक सोपी वाट तयार होती. मुलांना संवाद आवडतात, तेव्हा ऐतिहासिक व्यक्तींच्या तोंडी संवाद घालावेत; प्रसंगाची कागदोपत्री नोंद नसेल तर ‘असे झाले असावे’ या आधारावर तो रंगवावा; आणि नायकाचे बालपण असे उभे करावे की त्यात त्याच्या भावी थोरवीची चिन्हे पानोपानी दिसावीत. या पद्धतीचे काही लेखन वाङ्मयदृष्ट्या सरसही आहे. जीन ली लॅथम यांचे नौकाशास्त्रज्ञ नॅथॅनिएल बौडिच याचे संवादमय, कादंबरीसदृश चरित्र १९५६ साली न्यूबेरी पदकाचे मानकरी ठरले, ते काही केवळ उपदेशामुळे नव्हे. त्यानंतर चरित्र-इतिहासाच्या पुस्तकाला हे पदक पुन्हा मिळायला बत्तीस वर्षे जावी लागली. १९८८ मध्ये ते मिळाले फ्रीडमन यांच्या ‘लिंकन : अ फोटोबायोग्राफी’ (१९८७) या पुस्तकाला, आणि या पुस्तकात रचलेला एकही संवाद नव्हता. लिंकन जे बोलल्याची वा लिहिल्याची नोंद आहे तेवढेच ते बोलतात. जेथे नोंद नाही तेथे ते गप्प राहतात.

हा बदल केवळ तंत्राचा नाही. आपल्या भाषेत ‘इतिहास’ या शब्दाची फोड ‘इति-ह-आस’, म्हणजे ‘असे खरोखर होते’, अशी केली जाते. त्यातील ‘ह’ हे निश्चयदर्शक अव्यय साऱ्या शब्दाचा भार वाहते. बखरीतील मजकूर अस्सल पत्रांशी ताडून पाहणारी राजवाड्यांची १८९८ मधील प्रस्तावना ज्यांनी वाचली आहे, त्यांना या भाराची कल्पना निराळी द्यायला नको. परंतु तो वाद प्रौढ अभ्यासकांमधला. मूल वाचक असले की हा भार थोडा हलका करण्यास हरकत नाही, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. मुलांना गोडी लागणे महत्त्वाचे, खरेखोटे ती मोठेपणी पाहतील, असा तिचा सूर असतो. फ्रीडमन यांचे सारे लेखन या समजुतीला दिलेले शांत उत्तर आहे. प्रौढ वाचकाजवळ लेखकाचे म्हणणे पारखण्याची काही साधने असतात. मुलाजवळ ती नसतात. ते पूर्ण विश्वासाने वाचते. म्हणूनच मुलासाठी लिहिणाऱ्यावर सत्याची जबाबदारी कमी नसते, उलट ती अधिक असते.

मग गोडीचे काय? फ्रीडमन स्वतःला प्रथम गोष्ट सांगणारा म्हणवीत. लहानपणी वाचलेल्या हेंड्रिक व्हॅन लून यांच्या ‘द स्टोरी ऑफ मॅनकाइंड’ने इतिहास ही जिवंत वस्तू आहे याची जाणीव आपल्याला प्रथम करून दिली, असे ते कृतज्ञतेने सांगत, १९२२ साली दिले गेलेले पहिले न्यूबेरी पदक याच पुस्तकाला मिळाले होते, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे. गोष्ट आणि बनावट या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे त्यांच्या विचाराचे सूत्र होते. घटनांचा क्रम, त्यांतील ताण, नेमका तपशील आणि कोठे थांबावे याचे भान यांतून गोष्ट निर्माण होते. त्यासाठी काही पदरचे घालावे लागतेच असे नाही.

लिंकनचरित्राचा आरंभ याचे उत्तम उदाहरण आहे. फ्रीडमन आरंभ करतात तो लाकडी ओंडक्यांच्या झोपडीपासून नव्हे, लिंकन यांच्या चेहऱ्यापासून. लिंकन यांची शंभराहून अधिक छायाचित्रे उपलब्ध आहेत, आणि बहुतेक सर्वांत ते गंभीर, काहीसे कठोर दिसतात. परंतु त्या काळी छायाचित्रासाठी बराच वेळ अविचल बसावे लागे; हसू इतका वेळ धरून ठेवता येत नसे. बोलू लागले की लिंकन यांचा चेहरा पार पालटून जाई, असे त्यांना पाहिलेल्यांनी नोंदवून ठेवले आहे. तो पालटलेला चेहरा मात्र एकाही काचेवर उतरला नाही. म्हणजे जे पुस्तक छायाचित्रांच्या आधारावर उभे आहे ते पहिल्याच प्रकरणात वाचकाला बजावते, की छायाचित्रावर पुरता विश्वास ठेवू नकोस. पुराव्याचे सामर्थ्य दाखवतानाच त्याची मर्यादाही दाखवावी, हे प्रौढांच्या ग्रंथांतही नेहमी आढळत नाही.

पुढे याच पुस्तकात युद्धाच्या चार वर्षांतील छायाचित्रे ओळीने मांडलेली आहेत. १८६१ मधील चेहरा आणि १८६५ मधील चेहरा यांत चारच वर्षांचे अंतर आहे, हे डोळ्यांना पटत नाही. गाल बसलेले, डोळे खोल गेलेले, सुरकुत्या चरांसारख्या. ज्या युद्धात लाखो माणसे मेली त्याचा भार एका माणसावर कसा पडला, हे सांगण्यासाठी एखादा लेखक मध्यरात्री खिडकीशी उभे राहून स्वगत बोलणारे लिंकन रंगवील. फ्रीडमन छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवतात आणि बाजूला होतात. लिंकन यांची उदासीनता, गुलामगिरीविषयीच्या त्यांच्या भूमिकेतील सावधपणा, आणि १ जानेवारी १८६३ च्या मुक्तिघोषणेपर्यंत ते ज्या वळणांनी पोहोचले ती वळणे, यांपैकी काहीही मुलांपासून दडवलेले नाही. दंतकथेतला ‘प्रामाणिक एब’ आणि कागदपत्रांतला राजकारणी यांच्यामध्ये जे अंतर आहे त्यातच त्यांना माणूस सापडतो.

छायाचित्र जसे सांगते तसे लपवतेही, याची प्रचीती त्यांना पुढील चरित्रांत वेगवेगळ्या प्रकारे आली. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे त्यांनी लिहिलेले चरित्र १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. १९२१ साली पोलिओने पाय गेल्यानंतरही रूझवेल्ट यांची असंख्य छायाचित्रे निघाली. पण चाकाच्या खुर्चीत बसलेले रूझवेल्ट त्यांत अगदी मोजके, कारण तसे छायाचित्र घ्यायचे नाही हा वृत्तपत्रसृष्टीचा अलिखित संकेत होता. एलिनॉर रूझवेल्ट यांच्या १९९३ मधील चरित्रात पतीच्या प्रेमप्रकरणाची पत्रे १९१८ मध्ये त्यांच्या हाती लागल्याची हकीकत येते. कुमारवाचकांच्या पुस्तकात हा प्रसंग यावा की नाही, असा प्रश्न कोणाही संपादकाला पडला असता. फ्रीडमन तो प्रसंग घेतात, संयमाने सांगतात. कारण त्यावाचून या स्त्रीचे पुढील स्वतंत्र सार्वजनिक जीवन समजत नाही. मुलांना काय सांगावे याचा निकष त्यांच्या लेखी विषयाच्या सौम्यपणात नाही, आवश्यकतेत आहे.

राइट बंधूंवरील पुस्तक (१९९१) हे या दृष्टीने त्यांच्या वाट्याला आलेले भाग्यच म्हणावे लागेल. हे दोघे भाऊ स्वतः छायाचित्रणाचे षौकी होते, आणि आपल्या प्रयोगांची नोंद त्यांनी काचेच्या पट्ट्यांवर करून ठेवली होती. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळच्या वाळूवर ऑर्व्हिल राइट यांनी कॅमेरा रोखून ठेवला आणि जीवरक्षक ठाण्यावरील जॉन डॅनिएल्स या माणसाला कळ दाबायला सांगितली. बारा सेकंदांचे, १२० फुटांचे ते उड्डाण. आणि ते टिपले गेले ते कॅमेरा कधी न हाताळलेल्या हातांनी. १९१३ मध्ये डेटनला पूर आला तेव्हा या काचा पाण्याखाली गेल्या. त्या उड्डाणाच्या काचेचा एक कोपरा खराब झाला, चित्र मात्र वाचले. वास्तवानेच असा तपशील पुरवल्यावर कल्पनेने त्यात आणखी काय घालायचे?

परंतु त्यांच्या पद्धतीचा नैतिक गाभा ज्या पुस्तकात सर्वांत उघड दिसतो ते पुस्तक म्हणजे ‘किड्स ॲट वर्क’ (१९९४). लुइस हाइन हा न्यूयॉर्कमधील शिक्षक. बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या राष्ट्रीय समितीसाठी १९०८ पासून तो देशभर हिंडला आणि गिरण्या, खाणी, मासे डबाबंद करण्याचे कारखाने, कापसाची शेते येथे राबणाऱ्या मुलांची पाच हजारांहून अधिक छायाचित्रे त्याने घेतली. कारखान्यांत शिरण्यासाठी त्याला कधी बायबल विकणारा, कधी अग्निशमन-तपासनीस व्हावे लागे. कोटाच्या कोणत्या गुंडीपर्यंत मुलाचे डोके येते यावरून तो त्याची उंची मोजी; खिशातल्या खिशात हात घालून नाव, वय, कामाचे तास टिपून घेई. एवढा आटापिटा कशासाठी? एखादी नोंद खोटी निघाली तर सारीच छायाचित्रे खोटी ठरवली जातील, हे तो जाणून होता. बालमजुरीवर बंधन घालणारा १९१६ चा कायदा १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवला. टिकाऊ कायदा व्हायला १९३८ साल उजाडले. त्यानंतर दोनच वर्षांनी, घर गमावलेल्या अवस्थेत, हाइनचा मृत्यू झाला. ज्याने आयुष्यभर मुलांविषयी एकही नोंद मनाने रचली नाही, त्याचे चरित्र मुलांसाठी लिहिताना फ्रीडमन यांना आपलाच गुरू भेटला असावा.

छायाचित्रांवर उभारलेल्या या पद्धतीची खरी कसोटी लागली ती १९९६ मध्ये. लाकोटा योद्धा क्रेझी हॉर्स याचे चरित्र त्यांनी लिहायला घेतले. आणि क्रेझी हॉर्सचे निःसंशय म्हणता येईल असे एकही छायाचित्र नाही. १८७६ साली लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टरच्या तुकडीचा पाडाव करणाऱ्यांत तो अग्रभागी होता. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८७७ मध्ये, फोर्ट रॉबिन्सन येथे सैनिकाच्या संगिनीने तो मारला गेला. मध्येच एखादे ‘कदाचित असा दिसत असेल’ छापाचे चित्र घालणे सहज शक्य होते. फ्रीडमन यांनी ते केले नाही. त्यांनी एमॉस बॅड हार्ट बुल या लाकोटा चित्रकाराच्या रेखाटनांचा आधार घेतला. या चित्रकाराने दुकानातल्या जमाखर्चाच्या वहीत आपल्या लोकांचा इतिहास चारशेहून अधिक चित्रांतून नोंदवला होता. तो १९१३ मध्ये वारला. वही बहिणीकडे राहिली आणि १९४७ मध्ये ती निवर्तली तेव्हा तिच्याबरोबर भूमीत पुरली गेली. त्यापूर्वी नेब्रास्का विद्यापीठातील हेलन ब्लिश या अभ्यासिकेच्या प्रयत्नांमुळे पानांची छायाचित्रे निघाली होती, म्हणून ती चित्रे आज पाहायला मिळतात. ज्यांचा इतिहास त्यांच्याच हाताने काढलेली ही चित्रे नायकाचा चेहरा दाखवत नाहीत. पण त्याच्या लोकांनी त्याला कसे पाहिले हे दाखवतात. आणि चेहऱ्याची रिकामी जागा वाचकाला रिकामीच दिसू देतात.

याचा अर्थ या लेखनपद्धतीला मर्यादा नाहीत असा नव्हे. संवाद न रचणारा लेखकही निवड करतोच. कोणते छायाचित्र घ्यावे, कोणते कोणाशेजारी ठेवावे, प्रकरण कोठे संपवावे, यांत अन्वयार्थ येतोच. जे टिपले गेले त्याचाच इतिहास लिहिला जाण्याचा धोकाही येथे आहे. कॅमेरा ज्यांच्याकडे वळला नाही ती माणसे अशा पुस्तकांतून निसटू शकतात. क्रेझी हॉर्सविषयीच्या आठवणीही त्याच्या मृत्यूनंतर अर्धशतकाने, वृद्धांच्या तोंडून, दुभाषांमार्फत नोंदल्या गेल्या आहेत, तेव्हा ‘अस्सल साधन’ हा शब्दही जपूनच वापरावा लागतो. फ्रीडमन यांना या धोक्याची जाण नव्हती असे म्हणता येत नाही. ‘फ्रीडम वॉकर्स’ (२००६) मध्ये माँटगोमेरीच्या ३८१ दिवसांच्या बस-बहिष्काराची हकीकत सांगताना ते केवळ मार्टिन ल्यूथर किंग आणि रोझा पार्क्स यांच्यापाशी थांबत नाहीत. त्यांच्याआधी नऊ महिने बसमधील जागा सोडण्यास नकार देणारी पंधरा वर्षांची क्लॉडेट कोल्विन आणि बहिष्काराची पत्रके रातोरात काढणाऱ्या जो ॲन रॉबिन्सन यांनाही ते जागा देतात. प्रसिद्ध छायाचित्रांच्या चौकटीबाहेर राहिलेल्यांकडे पाहण्याची ही दृष्टी त्यांच्या उत्तरकालीन लेखनात अधिक रुंदावलेली दिसते.

सन्मान त्यांच्याकडे येत राहिले. ‘राइट ब्रदर्स’, ‘एलिनॉर रूझवेल्ट’ आणि गायिका मॅरियन अँडरसन यांच्यावरील पुस्तकाला न्यूबेरीचा उपसन्मान. अँडरसनचरित्रालाच २००५ चे सिबर्ट पदक. १९९८ मध्ये समग्र कार्यासाठी त्या वेळी लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या नावाने दिला जाणारा पुरस्कार. २००७ मध्ये राष्ट्रीय मानव्यविद्या पदक. ऐंशी वर्षे उलटल्यावरही त्यांचे काम थांबले नाही. हिटलरविरोधी पत्रके वाटल्याबद्दल १९४३ मध्ये मृत्युदंड झालेल्या ‘व्हाइट रोझ’ गटातील विद्यार्थ्यांवरचे पुस्तक २०१६ चे आहे. पहिल्या पुस्तकातला तरुणांच्या धैर्याचा विषय असा शेवटच्या पर्वात पुन्हा आला. पदकांच्या या यादीहून त्यांची खरी कमाई निराळी आहे : मुलांसाठीचे चरित्र सत्याशी तडजोड न करता वाङ्मय होऊ शकते, ही गोष्ट त्यांनी प्रत्यक्ष लिहून दाखवली.

लिंकनचरित्राचे कथन ज्या वस्तूंपाशी येऊन थांबते त्यांची येथे आठवण होते. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री लिंकन यांच्या खिशात जे काही होते ते एका पेटीत ठेवले गेले. पेटी मुलाकडे, मग नातीकडे गेली. १९३७ मध्ये तिने ती ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ला दिली, आणि १९७६ मध्ये त्या वस्तू प्रथम लोकांसमोर मांडण्यात आल्या. त्यांत चष्मे दोन. एकाची काडी दोऱ्याने बांधून दुरुस्त केलेली. एक चाकू, एक हातरुमाल, एक चामडी पाकीट. पाकिटात वृत्तपत्रांतील काही कात्रणे, आणि ज्या बंडखोर राज्यांविरुद्ध हा माणूस चार वर्षे लढला त्यांचीच पाच डॉलरची एक नोट.

मृत्युशय्येवरील अखेरचे शब्द रचण्याचा मोह येथे कोणाला झाला नसता? लिंकन यांना शुद्ध आलीच नाही. ते काही बोलले नाहीत. दोरा गुंडाळलेला तो चष्मा मात्र उरला आहे. ज्या घरात कोणती गोष्ट खरी हे कधीच कळत नसे, त्या घरातल्या मुलाने तो इतर मुलांसमोर ठेवला आणि त्यावर आपले काही न चढवता तो बाजूला झाला.